चारशे सात क्रमांकाचं शेवाळ

आइस्क्रीमच्या डब्यावर किंवा चॉकलेट दुधाच्या खोक्यावर ‘स्टॅबिलायझर’ या शब्दापुढे कंसात काही आकडे छापलेले असतात. ४१०, ४१२, ४०७ हे त्रिकूट फार वेळा दिसतं. पहिले दोन बियांचे डिंक. ४१० भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब या झाडाच्या बियांपासून मिळतो, ४१२ आपल्या गवारीच्या बियांपासून. ४०७ मात्र समुद्रातून येतो. त्याचं नाव कॅरागीनन. काही लाल समुद्री शेवाळांच्या पेशींभोवतीच्या भिंतीत असलेली ही साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. तिला चव नाही, वास नाही, आणि आपल्याला ती पचत नाही म्हणून तिच्यातून ताकदही मिळत नाही. तरीही दुधात कोको तरंगत ठेवायला, आइस्क्रीममधलं पाणी फुटू न द्यायला, टूथपेस्ट ब्रशवरून ओघळू न द्यायला कारखानदाराला ती हवी असते.

एवढ्याशा घटकावर अख्खं पुस्तक कशाला, असं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे या विषयाची चर्चा दोन ठिकाणी होते आणि या दोन ठिकाणांची एकमेकांशी ओळख नाही. एकीकडे आरोग्यविषयक सदरांत आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत कॅरागीनन म्हणजे आतड्यांना सूज आणणारं रसायन. दुसरीकडे किनारी विकासाच्या भाषणांत तेच शेवाळ मच्छीमारांचं भाग्य उजळणारं पीक. पहिल्या चर्चेत समुद्र नसतो, दुसरीत ताट नसतं. माझं म्हणणं, आणि या संग्रहाचंही, असं की हा पदार्थ तुकड्यातुकड्यांनी कळत नाही. साखळीवर सल्फेटचे गट किती, यावर तिचं जेल कडक होणार की मऊ हे ठरतं. जेल कसं होतं यावर कारखाना त्या शेवाळाला काय भाव देणार ते ठरतं. आणि त्या भावावर झांझिबारच्या किंवा रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर शेवाळ बांधणाऱ्या बाईच्या हातात काय पडणार ते ठरतं. रसायनशास्त्र सोडून या व्यवसायाचं अर्थशास्त्र मांडता येत नाही, आणि किनारा सोडून ‘हे खावं की खाऊ नये’ याचंही पुरतं उत्तर देता येत नाही.

म्हणून सुरुवात साखळीपासून करू. व्यापारात कॅरागीननचे तीन मुख्य प्रकार आहेत: कॅपा, आयोटा आणि लॅम्डा. तिन्हींचा कणा गॅलॅक्टोज या साखरेचा. दर दोन साखरांमागे कॅपावर साधारण एक सल्फेट गट असतो, आयोटावर दोन, लॅम्डावर तीन. सल्फेटवर ऋण विद्युतभार असल्याने ते जितके जास्त तितक्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात. कॅपाची पूड गरम पाण्यात विरघळवावी, त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड घालावं आणि भांडं गार होऊ द्यावं. साखळ्या जोडीजोडीने वेणीसारख्या गुंफल्या जातात, त्या वेण्या एकमेकींना बिलगतात आणि त्यांच्या जाळीत पाणी अडकून बसतं. तयार झालेली वडी कडक असते. सुरीने कापली तर कड स्वच्छ येते, बोटाने दाबली तर ती एकदम तडकते, आणि ताटलीत तशीच ठेवली तर थोड्या वेळात कडेने पाणी सुटू लागतं. आयोटाला पोटॅशियमपेक्षा कॅल्शियम मानवतं. त्याचं जेल मऊ आणि थरथरतं असतं. ढवळून मोडलं तरी स्वस्थ ठेवल्यावर पुन्हा सांधतं, आणि पाणीही सोडत नाही. लॅम्डा गोठतच नाही, नुसता दाटपणा देतो.

दुधात या पदार्थाची करामत वेगळीच आहे. कॅपा कॅरागीननची दुधातल्या केसीन या प्रथिनाशी जवळीक होते आणि अगदी विरळ, डोळ्याला न दिसणारी जाळी तयार होते. तिच्यात कोकोचे कण अडकून राहतात. त्यासाठी ०.०२ ते ०.०३ टक्के एवढं कॅरागीनन पुरतं, म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ते ६० मिलिग्रॅम. पाण्यात एवढ्या प्रमाणाने काहीच घडलं नसतं. आइस्क्रीममधल्या त्रिकुटाचं कोडंही इथेच सुटतं. गवारीचा आणि कॅरोबचा डिंक आइस्क्रीममधले बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाहीत, पण दुधातल्या प्रथिनांशी त्यांचं जमत नाही, आणि मिश्रणातून निवळ वेगळी व्हायला लागते. त्यांच्यातला हा बेबनाव आवरायला चिमटीहून कमी ४०७ घालतात. जेलीत मात्र कॅपाच्या जोडीला ४१० येतो तो वडीचा ठिसूळपणा घालवायला.

हे सगळं कळायला बराच काळ गेला. १९५३ साली स्मिथ आणि कुक यांनी कॅनडात पोटॅशियम क्लोराइडच्या साहाय्याने या अर्काचे गोठणारा आणि न गोठणारा असे दोन भाग वेगळे केले. कॅपा आणि लॅम्डा ही नावं तेव्हापासूनची. पुढे १९६० च्या दशकात डेव्हिड रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळ्यांच्या दुहेरी पिळाची कल्पना मांडली, आणि अल्कलीत उकळल्यावर शेवाळातलं अर्धवट तयार कॅरागीनन पक्कं जेल देणाऱ्या रूपात का बदलतं याचाही उलगडा केला. १९७० च्या दशकात आणखी एक नवल पुढे आलं. आयरिश मॉस या शेवाळाच्या आयुष्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. दिसायला त्या जवळजवळ सारख्या, पण एक पिढी कॅपाच्या जातीचं कॅरागीनन बनवते आणि दुसरी लॅम्डाच्या जातीचं. एकाच खडकावरून खरवडलेल्या मूठभर शेवाळात दोन वेगळे पदार्थ निघतात ते यामुळे.

आयरिश मॉस म्हणजे काँड्रस क्रिस्पस. उत्तर अटलांटिकच्या थंड खडकांवर उगवणारं, हाताच्या पंजाएवढं, जांभळट लाल, टोकाला चुण्या पडलेलं. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे लोक ते ओहोटीला गोळा करत, उन्हापावसात पसरून पांढुरकं होईतो वाळवत, दुधात उकळत आणि गाळून थंड करत. दुधाची वडी पडे. खोकल्यावर म्हणूनही ते प्यायलं जाई. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात किनाऱ्यावरच्या भुकेल्यांनी शेवाळावर दिवस काढले आणि ज्यांना जमलं ते अमेरिकेला गेले. त्यांच्यातल्या डॅनिएल वॉर्ड नावाच्या एकाने १८४७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएट गावच्या खडकांवर हेच शेवाळ ओळखलं. तिथे पुढची शंभराहून जास्त वर्षं होड्यांतून लांब दांड्याच्या दाताळ्यांनी शेवाळ काढण्याचा धंदा चालला. उपाशीपोटी आलेल्या माणसांची ही ओळख कॅरागीननच्या उद्योगाच्या मुळाशी आहे. पदार्थाचा इतिहास सांगताना ती वगळू नये असं मला फार वाटतं.

तरीही कॅरागीनन पुष्कळ काळ धाकटं भावंडच राहिलं. थोरली मान अगरची. जपानमध्ये सतराव्या शतकात शेवाळाची खीर हिवाळ्याच्या रात्री बाहेर राहून गोठली, वितळली, वाळली आणि तिची साठवता येण्यासारखी हलकी पट्टी झाली, अशी कथा सांगतात. आपल्या घरात चायना ग्रास म्हणून येतं ते हेच. १८८१ साली जर्मनीत फॅनी हेस्से यांनी जॅम करतानाच्या अनुभवावरून आपल्या नवऱ्याला सुचवलं की जिवाणू वाढवायला जिलेटिनऐवजी अगर वापरून बघा. वॉल्टर हेस्से रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथून अगर जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं. तिसरं भावंड अल्जिनेट. ते तपकिरी शेवाळातून निघतं आणि १८८० च्या दशकात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी ते वेगळं केलं. कवळीसाठी दातांचं माप घेताना तोंडात जो गुलाबी लगदा भरतात तो अल्जिनेटचा, आणि सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगांनी छपाई करताना रंग दाट करायलाही तेच लागतं. या दोघांवर स्वतंत्र पुस्तकं व्हायला हवीत. इथे ते कॅरागीननच्या संदर्भापुरते येतात.

कॅरागीननचं नशीब दुसऱ्या महायुद्धाने पालटलं. अगर जवळजवळ सगळं जपानमधून येई. जपान युद्धात उतरला आणि तो पुरवठा तुटला. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा सगळीकडे आपापल्या किनाऱ्यावर शोधाशोध सुरू झाली. प्रिन्स एडवर्ड बेटावर वादळानंतर घोडे लाटांत घालून, त्यांच्यामागे जाळीच्या टोपल्या ओढून मॉस गोळा करत. युद्ध संपल्यावर अगर परत आलं, पण तोवर दुग्धजन्य पदार्थांच्या कारखान्यांना कॅरागीननची गोडी लागली होती. मागणी वाढतच राहिली आणि उत्तर अटलांटिकचे खडक पुरेनात.

इथून गोष्ट उष्ण समुद्रात जाते. फिलिपीन्समध्ये युक्युमा जातीचं रानटी शेवाळ मुबलक होतं, पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेही ओरबाडून संपत आलं. हवाई विद्यापीठातले शेवाळतज्ज्ञ मॅक्सवेल डॉटी यांनी एका अमेरिकी कंपनीच्या मदतीने आणि स्थानिक लोकांच्या साथीने ते लावून बघायला सुरुवात केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुलू द्वीपसमूहात ही शेती उभी राहिली. तिची पद्धत इतकी सोपी होती की ती कुणाला शिकवावी लागली नाही, बघून बघून पसरली. उथळ पाण्यात खुंट ठोकायचे, त्यांच्यामध्ये नायलॉनचा दोर ताणायचा, आणि मूठभर शेवाळाचा तुकडा सुतळीसारख्या प्लास्टिकच्या धाग्याने वीतभर अंतरावर बांधत जायचं. बी नाही, खत नाही, नांगर नाही. साधारण ४५ दिवसांत तुकड्याचं कित्येक पटींनी मोठं झुडूप होतं. त्यातला एक तुकडा पुढच्या लागवडीला ठेवून बाकीचं काढायचं आणि वाळवायचं. दहा किलो ओल्याचं सुमारे एक किलो सुकं होतं.

या शेतीतल्या दोन जाती बहुतेक व्यापार पेलतात. काप्पाफायकस अल्वारेझी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत कॉटनी, कॅपा कॅरागीनन देते. युक्युमा डेंटिक्युलेटम, म्हणजे स्पिनोसम, आयोटा देते. इथे सल्फेटच्या गटांचा हिशेब थेट माणसाच्या मिळकतीला भिडतो. कॅपाला मागणी जास्त, म्हणून कॉटनीचा भाव जास्त. स्पिनोसमला बराच कमी. पण स्पिनोसम चिवट आहे आणि कॉटनी नाजूक. पाणी तापलं, पावसाने खारटपणा उतरला की कॉटनीच्या फांद्यांवर पांढरे गाठीसारखे पट्टे पडतात, तिथे फांदी मऊ होते आणि लाटेसरशी तुटून वाहून जाते. शेतकरी याला आइस-आइस म्हणतात. लागवडीतली सगळी झुडपं मोजक्या झुडपांचे तुकडे करकरून वाढवलेली असल्याने एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही.

झांझिबारमध्ये हे दुखणं स्पष्ट दिसतं. १९८९ पासून पाजे, जांबियानी अशा पूर्व किनाऱ्यावरच्या गावांत ही शेती आली आणि ती करणाऱ्यांत मोठी संख्या बायकांची. हातात स्वतःचा पैसा आल्यावर त्यांनी मुलांच्या शाळा केल्या, घरांवर पत्रे घातले. पुढे उथळ पाणी तापत गेलं आणि कॉटनी तगेनाशी झाली. खोल पाण्यात ती जगते, पण त्यासाठी होडी हवी आणि पोहता यायला हवं. त्या समाजात या दोन्ही गोष्टी बायकांच्या वाट्याला क्वचित येतात. राहिला कमी भावाचा स्पिनोसम. समुद्राचं एखाद-दोन अंश तापमान, एका रेणूवरचा एक सल्फेट आणि पोहायला न शिकवलेली मुलगी या तीन गोष्टी तिथे एकाच हिशेबात येतात. या विषयावर लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी हे नीट दाखवलं आहे. रसायनाच्या पुस्तकांत ते सापडत नाही.

आज सुक्या शेवाळाचा सर्वांत मोठा पुरवठादार इंडोनेशिया आहे, आणि त्याचं बरंचसं शेवाळ चीनमधल्या कारखान्यांत जातं. इंडोनेशियाच्या पूर्व भागातली एक घटना इथे थोडी विस्ताराने सांगायला हवी. ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या तिमोर समुद्रात माँटारा या तेलविहिरीचा स्फोट झाला आणि दहा आठवड्यांहून जास्त काळ तेल वाहत राहिलं. रोटे आणि कुपांगच्या किनाऱ्यावरचं शेवाळ मेलं. तेल तिथवर पोचलंच नाही असं विहीर चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं. रोटे बेटावरच्या डॅनिएल सांडा या शेवाळ शेतकऱ्याच्या नावाने सुमारे १५,००० शेतकऱ्यांचा सामूहिक दावा ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात चालला. मार्च २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. कागदावर ज्यांच्या नावे जमीन नाही, पीक नाही, अशा माणसांचं समुद्रातलं शेत न्यायालयाने शेत म्हणून धरलं. किनाऱ्यावर शेवाळ लावायला निघालेल्या कोणत्याही देशाने या खटल्याची कागदपत्रं वाचायला हवीत.

आपल्याकडे काप्पाफायकस आलं ते १९८४ मध्ये, जपानमार्गे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते आणलं, आधी सौराष्ट्रात आणि मग तमिळनाडूतल्या मंडपमला वाढवलं. २००० नंतर पेप्सिकोने परवाना घेतला, बँकांनी कर्जं दिली, बचतगटांच्या बायका तीन मीटर लांबरुंद बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ बांधू लागल्या. २०१२-१३ मध्ये सुकं उत्पादन सुमारे दीड हजार टनांवर गेलं आणि लगेच नंतर मोठी मर होऊन कोसळलं. ते अजून पुरतं सावरलेलं नाही. त्याआधीच, २००८ मध्ये, मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर हे परकं शेवाळ पसरल्याचं संशोधकांनी नोंदवलं होतं. ही तक्रार काहींना अतिरंजित वाटते. मला ती गंभीर वाटते, कारण प्रवाळ एकदा झाकला गेला की सावली हटवूनही तो सहज परतत नाही. याच किनाऱ्यावर त्याहून जुनी परंपरा आहे ती अगरसाठी जेलिडिएला आणि ग्रॅसिलारिया पाण्यात बुडी मारून हाताने काढणाऱ्या बायकांची. त्यांचं काम लागवडीच्या आकडेवारीत दिसत नाही.

भावनगरच्या संस्थेचं एक काम महाराष्ट्राच्या बांधापर्यंत पोचलं आहे. ताजं काप्पाफायकस चिरडून त्याचा रस पिकांवर फवारायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन काढायचं, ही पद्धत तिथे बसवली गेली. कृषी सेवा केंद्रात इफ्कोची ‘सागरिका’ मिळते, ती लाल आणि तपकिरी शेवाळांच्या अर्काची आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा जैव उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं. द्राक्षबागेत तिची फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला आपला समुद्राशी काय संबंध असा प्रश्न पडण्याचं कारण नाही. संबंध त्याच्या पंपात आहे.

आता ताटाकडे. कॅरागीननबद्दलचा वाद खरा आहे आणि तो ‘सगळं नैसर्गिक आहे’ या एका वाक्याने मिटवू नये. वादाचं मूळ एका फरकात आहे. खाण्यातल्या कॅरागीननचा रेणू फार मोठा असतो. तोच तीव्र आम्लात उकळून मुद्दाम तोडला की पॉलिजीनन नावाचा लहान रेणूंचा पदार्थ मिळतो आणि तो प्राण्यांच्या आतड्यांना इजा करतो. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८३ मध्ये या तोडलेल्या पदार्थाला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात घातलं. अखंड कॅरागीननला त्या गटात घातलं नाही. २००१ मध्ये जोॲन टोबॅकमन यांनी एक मोठा आढावा प्रसिद्ध करून विचारलं की पोटातल्या आम्लात अखंड रेणूही थोडा तुटत असेल तर काय. त्या प्रश्नाने पुढची वीस वर्षं व्यापली. अमेरिकेत सेंद्रिय अन्नाच्या सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये कॅरागीनन यादीतून काढावं असं मत दिलं. २०१८ मध्ये कृषी खात्याने ते ठेवलं. त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ७५ मिलिग्रॅम ही मर्यादा तात्पुरती म्हणून दिली, अधिक माहिती मागवून. ६० किलोच्या माणसाला हे साडेचार ग्रॅम होतात. चॉकलेट दुधाच्या बाटलीतले ४० ते ६० मिलिग्रॅम त्याच्या शेजारी ठेवून बघावेत. तान्ह्या बाळाच्या जन्मापासूनच्या दुधाच्या पावडरीत युरोप ते चालू देत नाही, तर जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने २०१४ मध्ये लिटरला एक ग्रॅमपर्यंत त्यात काळजीचं कारण दिसत नाही असं म्हटलं. दोन्ही मतं जबाबदार लोकांची आहेत.

या वादात आपल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांचाही एक धागा आहे. १९६२ मध्ये विंटर, रिस्ली आणि नस या तिघांनी उंदराच्या पंजात कॅरागीननचं एक टक्का द्रावण टोचून सूज आणायची आणि औषधाने ती किती उतरते ते मोजायचं, ही चाचणी रूढ केली. आजही निर्गुंडीपासून शल्लकीपर्यंत कोणत्याही वनस्पतीचा अर्क सुजेवर चालतो का हे बघायला विद्यार्थी हीच चाचणी करतात. मग संदेश फिरतो: ‘सूज आणायला वापरतात तेच तुमच्या आइस्क्रीममध्ये’. कातडीखाली टोचणं आणि तोंडाने खाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टोचल्यावर सूज आणणाऱ्या पदार्थांत दुसरेही पुष्कळ आहेत जे आपण निर्धास्त खातो. तरी ज्यांच्या आतड्याला आधीच जुनी सूज आहे, अशांच्या बाबतीत मी सावध राहीन. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या अवघ्या १२ रुग्णांवरचा एक लहान अभ्यास २०१७ मध्ये आला आणि त्यात कॅरागीनन मिळालेल्या गटातच दुखणं उलटलं. बारा माणसांवरून नियम करता येत नाही, पण त्या आजाराच्या माणसाने डबा वाचून घ्यावा एवढं सांगायला ते पुरेसं आहे.

हा विषय आत्ताच का? शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याला हाडाकातड्याचं जिलेटिन चालत नाही, त्यामुळे भारतीय बाजारात जेली आणि डेझर्टांचा भार शेवाळाच्या डिंकांवर पडतो आणि तो वाढणार आहे. समुद्र तापतो आहे आणि कॉटनीचा पट्टा आक्रसतो आहे. आणि २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत केंद्राने शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवून पाच वर्षांत ११ लाख २० हजार टनांचं लक्ष्य धरलं. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही गेलं नाही, पण किनाऱ्यावर अपेक्षा मात्र पोचल्या. कोकणातही त्या आल्या आहेत.

या संग्रहात रसायनाचे अभ्यासक आहेत, आइस्क्रीमच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले तंत्रज्ञ आहेत, किनाऱ्यावर राहून लिहिणारे लोक आहेत. त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही आणि संपादन करताना ते पटवून घ्यायचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. जिथे पुरावा पक्का आहे तिथे तो ठामपणे दिला आहे. जिथे तज्ज्ञ दुभंगलेले आहेत तिथे दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतील असे जेलचे प्रयोग मुद्दाम घेतले आहेत, कारण कॅपाची वडी बोटाखाली तडकताना एकदा अनुभवली की पुढची निम्मी रचना आपोआप समजते.

शेवटचा भाग कोकणासाठी आहे आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात सर्वांत जास्त ओढ आहे. ओहोटीला खडकांवरची कालवं काढायला जाणाऱ्या आपल्या बायकांच्या पायांखाली हिप्निया, सरगॅसम, उल्वा ही शेवाळं पावसाळ्यानंतर दाट वाढतात. यातल्या हिप्नियातून कॅपा कॅरागीननच निघतं. परकं काप्पाफायकस आणण्याआधी या देशी जातीकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथले प्रवाळ मन्नारच्या वाटेने जायला नकोत. त्यातून आपला पावसाळा पूर्व किनाऱ्यासारखा नाही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, नद्यांच्या गढूळ गोड्या पाण्याने खाड्यांच्या तोंडाशी खारटपणा उतरलेला. तराफे चार महिने किनाऱ्यावर आणि बियाणं ठेवायला जागा नाही, ही अडचण पैशाने सुटणारी नाही. म्हणून कुठल्याही मच्छीमार सोसायटीने किंवा बचतगटाने करारावर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न आम्ही या भागात दिले आहेत: जात कोणती आणि ती इथली की बाहेरची, पावसाळ्यात बियाणं कोण आणि कुठे जगवणार, भाव ओल्यावर की सुक्यावर आणि ओलावा कोण मोजणार, खरेदीदार एकच असेल तर तो निघून गेल्यावर माल कुणाला विकायचा, पीक बुडालं तर कर्ज कुणाच्या नावावर राहणार, आणि ज्या पाण्यात आज रापण लागते तिथे तराफे आले तर त्या रापणकरांना कुणी विचारलं आहे का.